फडाची शिस्त आणि गटाचा निर्णय



सुरू लागवड जवळ आली की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना गावोगाव एकच वाद ऐकू येतो. लागवडीची तारीख, उसाची जात, पाण्याची पाळी हे सर्वांनी मिळून ठरवायचे की ज्याचे त्याने? एक म्हणतो, "जमीन माझी, कर्ज माझ्या नावावर, मग निर्णयही माझा." दुसरा म्हणतो, "डीपी एक, पाइपलाइन एक, मग निर्णय वेगळे कसे चालतील?" दोघांचेही खरे आहे. म्हणून उत्तरासाठी आम्ही आपल्या खानदेशातलेच एक उदाहरण घेतो.

साक्री व धुळे तालुक्यांत पांझरा नदीवर, आणि बागलाणात मोसम व आरम नद्यांवर, फड पद्धत तीनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली. आज फड म्हटले की आपल्याला ऊसतोड आठवते. हा फड निराळा. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात त्या हंगामाला एकच पीक घ्यायचे. ऊस कोणत्या फडात, गहू-हरभरा कोणत्या फडात, हे पंच आणि शेतकरी बसून ठरवीत, आणि पुढच्या वर्षी पिकांची फेरपालट होई. पाणी देण्यासाठी पाटकरी नेमलेला असे, पिकाची राखण जागल्या करी, आणि त्यांना मेहनताना बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. पावसाळ्यानंतर पाटाचा गाळ काढायला प्रत्येक खातेदाराच्या घरून माणूस जाई.

ही व्यवस्था इतकी वर्षे टिकली याचे मुख्य कारण आमच्या मते असे की शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसे. थोडी या फडात, थोडी त्या फडात. पाणी कमी असले की पंच एखादा फड त्या वर्षापुरता सोडून देत. त्याचा तोटा मोठ्या खातेदारालाही बसे आणि लहानालाही. ठरविणारा आणि सोसणारा एकच असला म्हणजे बैठकीत खोटे बोलून फायदा नसतो. शिवाय निर्णय झाल्यावर तो अमलात आणणारा माणूस ठरलेला असे. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे, बाकी कुणी दारे उघडायचे नाही.

आता दुसरी बाजू. फडात एखाद्याला मिरची लावावीशी वाटली आणि पंचांनी गहू ठरविला, तर गहूच लावावा लागे. हुशार, धडपड्या शेतकऱ्याची त्यात कोंडी होई. पुढे विहिरी आणि मोटारी आल्या, नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले तो फडातून मनाने बाहेर पडला. बऱ्याच ठिकाणी पद्धत मोडकळीस आली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक निर्णय सर्वांनी मिळूनच घ्यायचा म्हटले तर जमीन ओळखणाऱ्या माणसाचे हात बांधले जातात.

आपल्या गटांत आम्हाला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गावातल्या एका मोठ्या बागाईतदाराने एक जात लावली की सगळा शिवार तीच लावतो. याला सामूहिक निर्णय म्हणत नाहीत, ही देखादेखी झाली. उत्तर प्रदेशात को 0238 या जातीने उतारा वाढविला, म्हणून बहुतेक क्षेत्र तिच्याखाली गेले. पुढे तिच्यावर लाल कुज रोग आला तेव्हा जिल्हेच्या जिल्हे एकदम सापडले. आपल्याकडे को 86032 चांगली आहे, आम्हीच ती सांगतो. पण गटात दोन-तीन जाती असाव्यात.

लागवडीच्या तारखेचेही तसेच. लगतच्या सर्व शेतकऱ्यांनी एकाच पंधरवड्यात लागवड केली म्हणजे पाणी देणे सोपे जाते, टोळीलाही सलग क्षेत्र मिळते. पण कारखान्याची रोजची गाळप क्षमता ठरलेली आहे. सगळ्यांच्या नोंदी एका तारखेच्या असल्या की सगळ्यांचा ऊस एकदमच पक्व होतो, आणि मागे राहिलेल्या उसाचे वजन व साखर दोन्ही घटतात. तेव्हा गटाने बसून लागवडीचे टप्पे पाडावेत. पहिला टप्पा कुणाचा, यावर वाद होईल. झाला तर होऊ द्या. तोडणीच्या वेळी चिटबॉयच्या मागे फिरण्यापेक्षा तो वाद आधी झालेला बरा.

बैठकीत आणखी एक अडचण येते. 1960 च्या सहकार कायद्याने सभासदाला एक मत दिले, शेअर कितीही असोत. पण गावच्या ओट्यावर भाऊबंदकी आणि उसनवारी आड येते. पाटाच्या शेपटाचा शेतकरी "आण्णा म्हणतील तसं" म्हणून गप्प बसतो, आणि मार्चमध्ये पाणी पोचले नाही की आमच्याकडे तक्रार घेऊन येतो. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात वरच्या, मधल्या व शेपटाच्या भागाला सारखे प्रतिनिधित्व दिले, ते याचसाठी. गटाच्या बैठकीतही शेपटाच्या माणसाला पहिल्यांदा बोलायला सांगावे.

मग गटाकडे काय द्यावे? पाण्याची पाळी, डीपीवरील मोटारींच्या वेळा, लागवडीचे टप्पे, गाड्यांचा रस्ता, हुमणीचा बंदोबस्त. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बाभळी-कडुनिंबावर जमतात. एकट्याने आपल्या बांधावरची झाडे झोडपून उपयोग नाही, शेजारचे भुंगेरे येतातच. उलट खताची मात्रा, आंतरपीक, खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे ज्याच्या त्याच्या जमिनीवर अवलंबून आहे. तिथे माती परीक्षणाचा कागद पाहावा, गटाचे मत विचारू नये.

बैठकीची वही ठेवावी. तीत नुसते "पाळी ठरली" असे लिहू नये. कोणत्या वारी, किती वाजता, कुणाची मोटार, आणि व्हॉल्व्ह फिरविणारा माणूस कोण, एवढे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. त्या वहीची एक नक्कल आमच्या गट कार्यालयात लागवडीच्या नोंदीबरोबर आणून द्यावी.