हवेचें माप

मोटारीच्या एंजिनांत एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. ही हवा मोजण्याकरितां पुष्कळ गाड्यांच्या हवानळींत तापविलेली तार असते. वाहत्या हवेनें ती निवते. तिची उष्णता कायम राखण्यास लागणाऱ्या विजेवरून संगणक हवेचें वजन ताडतो व त्या मानानें पेट्रोल सोडतो. कोणी हौसेनें तारेभोंवतींची नळी बदलून रुंद बसविली, तर तेवढीच हवा संथ वाहते, तार कमी निवते, संगणक फसतो आणि पेट्रोल अपुरें पडतें. अशा वेळीं एंजिनावर मोठा भार आल्यास दट्ट्या वितळण्याचेंही भय असतें. म्हणून मूळचा संगणक काढून बाहेरचा बसविणारा कुशल कारागीर प्रथम नव्या नळीच्या मापाचा तक्ता त्यांत भरतो. विद्यार्थिमित्रहो, माप बदललें कीं हिशेबही बदलला पाहिजे.