योगवर्गासाठी संगीत निवडताना

संगीत निवडायला बसलात की मोबाइल बाजूला ठेवा आणि आधी एक वही घ्या. तासाभराच्या वर्गाचे भाग मिनिटांसकट लिहून काढा. आमच्या सकाळच्या वर्गाचं पान असं आहे: ओंकार ५ मिनिटं, सांधे मोकळे करणं ८, सूर्यनमस्कार १०, आसनं २०, प्राणायाम १०, शवासन ७. आता या पानावर पहिली खूण करायची ती संगीत कुठे लावायचं नाही याची.

प्राणायामावर काट मारा. पूर्ण दहा मिनिटांवर. अनुलोम-विलोमात श्वासाची लांबी ज्याची त्याने सांभाळायची असते. बासरी चालू असली की आपण नकळत वादकाच्या श्वासामागे ओढले जातो, आणि त्याचा श्वास अर्ध्या जन्माच्या रियाजाचा असतो. भ्रामरीत तर आपला गुंजारव हेच संगीत. हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान येतं, म्हणजे आत उमटणारा नाद ऐकणं. शेजारी स्पीकर चालू ठेवून तो ऐकू यायचा कसा?

नवीन आसन शिकवायचं असेल त्या दिवशी तिथेही काट. अय्यंगार पद्धतीने शिकवणाऱ्या बहुतेक वर्गांत संगीत लावतच नाहीत, आणि त्यामागचं कारण मला पटतं. मागच्या टाचेची बाहेरची कड जमिनीवर दाबा, ही सूचना पायापर्यंत पोचायची तर कान रिकामा हवा. मी तेवढी कडक नाही. सवयीच्या आसनांत मागे संथ आलाप असला तर लोक स्थिती सोडायची घाई करत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आता ओंकार. इथे फक्त तानपुरा. स्त्री-पुरुष एकत्र असले की नेहमीची अडचण येते: पुरुषांना काळी एक सोयीची, बायकांना ती फार खाली जाते आणि आवाज घशातच राहतो. त्यासाठी तानपुरा काळी एकमध्ये, पहिली तार पंचमाला लावलेला असा घ्या. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, आणि ती बहुतेक बायकांच्या गळ्याला बसते. पुरुषांनी षड्ज धरावा, बायकांनी पंचम. पहिल्या दिवशी सगळे बिचकतात, एकमेकांकडे बघतात. चार-पाच दिवसांत दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात आणि खोली भरून येते.

मोबाइलमधला तानपुरा चालतो, पण खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण मिळालं तर ते घ्या. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जवारी जुळवताना एकदा शेजारी बसून बघावं. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की इतका वेळ बोथट वाजणारी तार एकदम उघडते आणि छेडून झाल्यावरही कितीतरी वेळ गुंजत राहते. ओंकारातला मकार टेकतो तो त्या गुंजनावर.

सांधे मोकळे करताना फार विचार नको, प्रसन्न काहीही चालेल. मी बऱ्याचदा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावते. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार असलेली ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका सकाळच्या रागाने सुरू होते आणि मान-खांदे फिरवायला पुरेशी हलती आहे.

सूर्यनमस्कारांना मात्र लय लागते, आणि ती मोजून घ्यावी. नमस्काराच्या स्थिती १२. प्रत्येक स्थितीला ४ मात्रा दिल्या तर एक नमस्कार ४८ मात्रांचा होतो. ४८ मात्रा म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं किंवा एकतालाची चार. त्यामुळे प्रत्येक नमस्कार बरोबर समेवर सुरू होतो आणि मोजणारा माणूस लागत नाही. तबल्याच्या ॲपवर लय मिनिटाला ६० मात्रा ठेवा: एका नमस्काराला ४८ सेकंद, दहा मिनिटांत आरामात १२ नमस्कार. ज्यांचा दम तेवढा टिकत नाही त्यांना स्थितीला ३ मात्रा द्या. मग नमस्कार ३६ मात्रांचा होतो आणि एकतालाच्या तीन आवर्तनांत बसतो. तीनतालात हे गणित जुळत नाही. सम ओळखता येत नसेल तर ठेक्याबरोबर लेहरा घ्या, धून पुन्हा पहिल्या स्वरावर आली की हात जोडायचे. कोणी मागे पडलं तर लय उतरवा. त्याला पळवू नका.

आसनांच्या २० मिनिटांसाठी तबला नको, शब्द नकोत, फक्त आलाप. सकाळी भैरव किंवा अहिर भैरव, संध्याकाळी यमन किंवा भूप. तोडी सकाळचीच, पण तिच्यातला कारुण्याचा सूर माणसाला आत ओढून नेतो. पश्चिमोत्तानासनात एक वेळ ठीक, वृक्षासनात तोल जातो. झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा या कामाला मला सगळ्यात जवळची वाटते, कारण तिथे एक स्वर दुसऱ्याकडे जायला जितका वेळ घेतो, तितका वेळ त्रिकोणासनातल्या बरगड्यांना उघडायला लागतो.

पण इथे एक काम चुकवू नका. ध्वनिमुद्रण आधी घरी अथपासून इतिपर्यंत ऐका, हातात पेन्सिल घेऊन. आलापानंतर जोड येतो, मग झाला, आणि लय चढत जाते. जोड कितव्या मिनिटाला सुरू होतो ते वहीत लिहा आणि त्याआधीच तुकडा थांबवा. नाहीतर लोक जमिनीवर आडवे होत असताना झाला रंगात आलेला असतो.

निवडलेलं सगळं मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि वर्गाच्या वेळी इंटरनेट बंद ठेवा. एकदा माझ्या वर्गात भर शवासनात कर्जाची जाहिरात सुरू झाली होती. वीस माणसं एकदम दचकली, त्यातल्या दोघांना रक्तदाबाचा त्रास होता. त्या दिवसापासून हा नियम मी मोडलेला नाही.

आवाज किती ठेवायचा हे उभं राहून ठरवू नका. स्पीकर लावा, त्याच्या अगदी जवळच्या सतरंजीवर झोपा आणि नाकाने सावकाश श्वास घ्या. स्वतःचा श्वास ऐकू येत नसेल तर आवाज कमी करा. ऐकू येईपर्यंत कमी करत राहा.

शवासनाला पुन्हा तानपुरा, ओंकाराच्या वेळचाच, त्याच पट्टीत. मी पूर्वी इथे अभंग लावत असे. एके दिवशी मागच्या रांगेतल्या एक काकू मध्येच उठून बसल्या. पदराने डोळे पुसत होत्या. यजमान गेले त्या आठवड्यात घरात तोच अभंग सतत चालू होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांचा हात धरून बसले होते तेव्हा कळलं, की शब्द कोणाच्या कुठल्या दिवसाला जाऊन लागेल हे मला समोर उभं राहून कधीच दिसणार नाही. तेव्हापासून शवासनात शब्द नाहीत.

सात मिनिटांतलं शेवटचं दीड मिनिट संगीताचं नाही. साडेपाच मिनिटं झाली की आवाज हळूहळू उतरवत बंद करा आणि लगेच बोलू नका. चार-पाच श्वास जाऊ द्या. पंख्याची घरघर, गेटवरची दूधवाल्याची गाडी, आंब्यावरचा बुलबुल, सगळं एकेक करून ऐकू यायला लागतं. मग हलक्या आवाजात हातापायांची बोटं हलवायला सांगा आणि उजव्या कुशीवर वळवून सावकाश उठवा.