उलट फिरलेलं पित्त

आपल्याकडे ‘पित्त झालंय’ असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाबद्दल बोलणं चाललेलं असतं. शरीरशास्त्रातलं पित्त निराळं. ते यकृतात तयार होतं. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्तनलिकेतून ते लहान आतड्यात उतरतं आणि अन्नातल्या चरबीचे बारीक थेंब करतं. तेलकट भांड्यावर साबण जे करतो, तेच हे काम.

नलिकेच्या शेवटी स्वादुपिंडाची नलिकाही येऊन मिळते. तिथे स्नायूंचं एक कडं असतं. रुग्गेरो ओद्दी या इटालियन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणून त्याला ओद्दीचंच नाव आहे. हे कडं रस खाली जाऊ देतं, आतड्यातलं वर येऊ देत नाही.

आता समजा, या वाटेत पित्ताचा खडा अडकला. वरून पित्त येतच राहतं, पुढे जायला जागा नाही, म्हणून ते मागे तुंबतं. त्यातलं पिवळं द्रव्य रक्तात उतरतं : डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. आतड्यात पित्त पोचत नाही म्हणून शौच पांढुरकं, मातकट होतं. खरं नुकसान आत चालू असतं. पेशींचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच. तुंबलेले पित्तक्षार ते विरघळवू लागतात. सूज येते, व्रण पडतात, आणि अडथळा फार काळ राहिला तर सिरॉसिस होतो.

खालूनही धोका असतो. खडा अगदी तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाचा रस पित्तनलिकेत चढून तिचं अस्तर दुखावू शकतो. साचलेल्या पित्तात आतड्यातले जंतू वाढतात आणि दाब वाढला की रक्तात शिरतात. पोटात उजवीकडे वर दुखणं, थंडी वाजून ताप आणि कावीळ ही तीन लक्षणं शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्ये एकत्र मांडली. ती दिसली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढता येतो किंवा नळी बसवता येते. वाट लवकर मोकळी झाली तर यकृत बरंचसं सावरतं.

आपली अडचण ‘कावीळ’ या एकाच शब्दात आहे. विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते आणि श्रेय झाडपाल्याला मिळतं. तोच अनुभव मग अडथळ्याच्या काविळीलाही लावला जातो. ती थांबून उतरत नाही. थांबण्यात यकृत जातं.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर हे आणखी खरं. काही बाळांची पित्तनलिका जन्मानंतर लगेचच बंद पडत जाते. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. म्हणून कावीळ दोन आठवड्यांपुढे टिकली किंवा शौच पांढरं दिसलं, तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणणाऱ्या आजीलाही सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा.