गाळ्याला एसी किती टनांचा?

प्रश्न : जळगावात माझा साड्यांचा गाळा आहे. २० बाय ३० फूट, तळमजला, वर गोदाम. दर्शनी बाजू पश्चिमेला, तिथे १६ बाय ८ फुटांची काच. एक एसीवाला १५० चौरस फुटांना १ टन धरून ४ टन सांगतो, दुसरा १०० चौरस फुटांना १ टन धरून ६ टन. लगनसराईत दुकानात एका वेळी तीसेक माणसं असतात. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांनीही फक्त फरशी मोजली आहे. दुकान तापतं ते माणसांच्या अंगातल्या उष्णतेनं, दिव्यांनी, काचेतून येणाऱ्या उन्हानं आणि दार उघडलं की आत घुसणाऱ्या झळांनी. डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात सेलच्या दिवशी तळघरात इतकी गर्दी उसळायची, की गिऱ्हाइकांना भोवळ यायची. १९२४ मध्ये तिथे विलिस कॅरियर यांची यंत्रं बसली. तळघरात ऊन कुठून येणार? जागा तेवढीच होती, तापवत होती ती गर्दी.

एसीचा टन हे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, त्या गतीनं उष्णता बाहेर काढण्याची ही ताकद, म्हणजे सुमारे ३,५०० वॅट. म्हणून सगळा हिशेब वॅटमध्ये करायचा आणि शेवटी ३,५००नं भागायचं.

आता मे महिन्यातली संध्याकाळी पाचची वेळ धरू. उभं राहून हिंडणारं, साड्या पाहणारं माणूस साधारण १३० वॅट उष्णता सोडतं. तीस माणसांचे झाले ३,९००. दिव्यांचं तुम्ही लिहिलेलं नाही. साड्यांचा रंग खुलावा म्हणून ५० वॅटचे चाळीसेक हॅलोजन आणि इतर दिवे ५०० वॅटचे असतील, असं धरतो. दिव्याची वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उरते, म्हणजे हे २,५०० वॅट. तीस माणसांना लागणारी ताजी हवा आणि सारखं उघडणारं दार यांचे, बाहेर ४२ अंश असताना, साधारण ३,५००. भिंती, वरचं तापलेलं गोदाम आणि गरम झालेली काच यांचे मिळून आणखी २,५००.

राहिलं काचेतून थेट येणारं ऊन, आणि खरी मेख तिथेच आहे. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा पश्चिमेची काच त्रास देत नाही. चारनंतर तो खाली उतरतो आणि किरणं काचेवर जवळजवळ समोरून येतात. साध्या काचेतून त्या वेळी दर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास उष्णता आत येते. तुमची काच १२ चौरस मीटर, म्हणजे ६,००० वॅट. तीस माणसांपेक्षाही काच जड! आणि आखाजीची खरेदी करायला बाया-माणसं घराबाहेर पडतात तीही याच वेळेला.

बेरीज होते १८,४०० वॅट, म्हणजे सव्वापाच टन. एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. तुमच्याकडे पारा ४२-४४वर गेला की ती घटते. त्यासाठी दहा टक्के सोडा, आकडा सहा टनांजवळ जातो. आज आहे त्या दुकानाला दुसऱ्या एसीवाल्याचे ६ टनच हवेत.

पण एसी घेण्याआधी दुकानाकडे बघा, असा माझा आग्रह आहे. हॅलोजन काढून ७ वॅटचे एलईडी लावले, की १,७०० वॅट गेले. काचेला सावली बाहेरून द्या. आतला पडदा फारसा कामाचा नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. नुसता छज्जाही पुरत नाही. पाचचं ऊन त्याच्या खालून सरळ आत शिरतं. चार ते साडेसहा खाली सोडता येईल अशी गुंडाळीची जाळी किंवा बाहेरची कनात लावा, शोकेस बाकी दिवसभर उघडी राहील. यानं काचेचे निदान ४,००० वॅट वाचतील. उरले १२,७००. तेच दहा टक्के सोडून हिशेब ४ टनांवर येतो. म्हणजे पहिल्या एसीवाल्याचा आकडाही खरा ठरू शकतो, पण जाळी आणि दिवे बदलल्यानंतर.

हे ४ टन एका धुडात घेऊ नका. २ टनांचे दोन इन्व्हर्टर एसी घ्या. सकाळी दोन-चार गिऱ्हाइकं असताना एकच चालवा, आणि ऐन लगनसराईत एक बिघडला तरी दुकान उघडं राहील. उगाच मोठा एसी घेणंही चुकीचं. साधा, इन्व्हर्टर नसलेला मोठा एसी हवा झटकन गार करून थांबतो, पण दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. जळगावच्या कोरड्या मे महिन्यात हे जाणवणार नाही, पावसाळ्यात कापडाला कुबट वास यायला लागेल. रत्नागिरी-मालवणच्या दुकानदारांनी तर हवेतल्या पाण्याचा हिशेब वेगळा मांडून घ्यावा.

तापमान २४ ठेवा. १ जानेवारी २०२०पासून घरगुती प्रकारच्या नव्या एसींना हीच मूळ सेटिंग सक्तीची आहे, आणि एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. बाहेरची युनिटं पश्चिमेच्या उन्हात किंवा अरुंद बोळात एकावर एक टांगू देऊ नका. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून ती दमतात. आणि दोन्ही एसीवाल्यांकडून टनांसोबत माणसं, दिवे, काच, दार यांचे आकडे कागदावर लिहून मागा. जो देईल, त्यालाच काम द्या.