सौरदिवा का विझतो?



नाताळच्या अंकानंतर तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. पाड्यांवर सौरदिवे द्यायचे आहेत, एका घराला किती खर्च येईल? उत्तर एका आकड्यात देता आले असते. पण फेब्रुवारीत मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर जाऊन आलो आणि तो आकडा सांगायला जीभ रेटेना. म्हणून हा अभ्यास.

त्या पाड्यावर सहा वर्षांपूर्वी आपल्याच देणगीतून बावीस घरांना दिवे लागले होते. पहिल्या रात्रीचे वर्णन मी मोठ्या कौतुकाने याच पानांवर लिहिले होते. यंदा मोजले, तेव्हा पाच दिवे जळत होते. एका घरात बॅटरीच्या रिकाम्या पेटीत मक्याचे बियाणे ठेवलेले दिसले. पाड्यावरची दाईमावशी मला म्हणाली, "दादा, पहिले चिमणी होती, घासलेट होतं. तुमचा दिवा आला, चिमणी फेकली. आता दिवा बी नाही, घासलेट बी नाही." गेल्या पावसाळ्यात एक बाळंतपण तिने मोबाईलच्या उजेडात केले होते. मोबाईल तिच्या सुनेने धरला होता, आणि तो मध्येच बंद पडला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण मावशी सांगत असताना मला मान वर करवेना.

आता मुळापासून पाहू. उन्हापासून काम करून घेण्याची कल्पना नवी नाही. १८७८ साली मुंबईत राहणाऱ्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रजाने या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. आरशांनी ऊन एकवटून त्याने अन्न शिजवले होते, वाफेचे यंत्रही चालवले होते. ती झाली उष्णता. उजेडापासून थेट वीज निर्माण होते हे त्याआधीच, १८३९ मध्ये, फ्रान्सच्या एदमाँ बेकरेल यांच्या लक्षात आले होते. तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट तयार व्हायला १९५४ साल उजाडले. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतला तो घट पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज करी. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या प्लेटा २० टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. सुरुवातीला हे घट इतके महाग होते की ते मुख्यतः उपग्रहांवर बसवले जात. १९५८ चा व्हॅनगार्ड हा त्यांतला पहिला. उपग्रहावर बसणारी वस्तू आता कुडाच्या घरावर बसते, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

प्लेटेत हलणारा भाग नाही, त्यामुळे ती सहसा झिजत नाही. चांगली प्लेट पंचवीस वर्षे चालते. त्या पाड्यावरच्या बंद घरांतल्याही जवळजवळ सगळ्या प्लेटा शाबूत होत्या. मग मेले काय? बॅटरी.

हिशेब साधा आहे. ४० वॉटची प्लेट, दिवसाला चार तासांचे खणखणीत ऊन, म्हणजे १६० वॉट-तास वीज. वाटेतली गळती वजा जाता शंभर-एकशेदहा हाती लागतात. ५ वॉटचे दोन एलईडी दिवे सहा तास जळले की साठ गेले, एक मोबाईल चार्ज केला की दहा-पंधरा. मार्चमध्ये हे छान जमते. आषाढात चार-चार दिवस ढग असतात आणि बॅटरी रोज तळाला जाते. शिशाच्या बॅटरीला हेच सोसत नाही. तळाला जाऊन ती तशीच पडून राहिली, तर आतल्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि मग ती वीज धरीत नाही. नीट सांभाळली तरी तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचेच. हे आम्हाला ठाऊक होते का? होते. पाचव्या वर्षी नवी बॅटरी कोण आणणार, हे मात्र आम्ही कोणालाच विचारले नाही. दहा कुमारींचा दाखला ज्यांना पाठ आहे, त्यांच्याकडून हे व्हावे!

दुसरी चूक पाण्याची. या बॅटरीतले पाणी हळूहळू आटते, ते डिस्टिल्ड पाण्यानेच भरावे लागते. ते मिळते तालुक्याच्या गावी, मोटारीच्या सामानाच्या दुकानात. चार-पाच घरांनी झऱ्याचे पाणी ओतले. स्वच्छच होते, पिण्याचे होते, पण त्यातल्या क्षारांनी बॅटरी गेली. त्यांना दोष कसा देऊ? सांगितले कोणी होते?

तिसरी चूक तर माझ्या डोळ्यांसमोर झाली. प्लेटा बसवल्या मार्चमध्ये. मोह तेव्हा पानगळीने उघडा होता. एप्रिलनंतर पालवी फुटली आणि तीन घरांवर सावली आली. प्लेटेतले घट एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावलीही सगळ्या प्लेटेची वीज बरीच खाली आणते. मोह तर कोणी तोडणार नाही, तोडूही नये. प्लेटच दहा पावले सरकवायला हवी होती.

आजची स्थिती आशेची आहे. देशातली सौरऊर्जेची क्षमता २०२५ च्या सुरुवातीला एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, १२५ मेगावॉटचा सरकारी प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. पुढचे चित्र आणखी बरे दिसते. लिथियमच्या बॅटऱ्यांत पाणी भरावे लागत नाही आणि त्या शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे टिकतात, मात्र घेताना महाग पडतात. लसी ठेवायचे असे सौर फ्रीज निघाले आहेत की ज्यांना बॅटरीच लागत नाही. दिवसा बर्फ धरतो आणि रात्रभर तोच थंडावा पुरतो. उपकेंद्रासाठी मला हे दिव्यांपेक्षाही मोलाचे वाटते.

पण वस्तू कितीही सुधारली तरी पाड्यावर तिला ओळखणारे माणूस लागते. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांना सौरदिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकवली, ती उगीच नव्हे.

म्हणून त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : एका घराच्या दिव्याची किंमत विचारू नका, दहा वर्षांची विचारा. त्यात दोन बॅटऱ्या आल्या, डिस्टिल्ड पाणी आले, एक मल्टिमीटर आला, आणि पाड्यावरच्या एखाद्याचे शिक्षण आले. तेवढ्या पैशात बावीसऐवजी बाराच घरे होत असतील, तर बाराच करू. जुन्या बॅटऱ्या परत आणून रीतसर भंगारात देण्याचा खर्चही त्यातच धरा. शिसे विषारी असते, अंगणात पोरे त्याच्याशी खेळतात.

पाड्यावर बैठक झाली. दर घराने महिन्याला तीस रुपये बॅटरीसाठी बाजूला टाकायचे ठरले. यावर बराच वाद झाला. हाट भरतो त्या दिवशी गोळा करायचे की महिनाअखेरीला, हेही शेवटी भांडूनच ठरले. पैसे दाईमावशीकडे राहतील. दहावीला नापास झालेली तिची नात मीटर शिकते आहे. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ ला अर्धी झाली असे समजायचे, एवढे मी तिला सांगितले होते. निघताना तिने पाचव्या घरची बॅटरी तपासली. मीटरवर १२.१ आले. तिने वर पाहिले, कोयता घेतला आणि प्लेटेवर आलेली शेवग्याची फांदी छाटायला शिडीवर चढली.