इंटरनेट आणि आपली हिशेबी बुद्धि

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं बहुतेकांच्या खिशांत आतां मोबाइल असतो, आणि इंटरनेटवर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांत क्षणांत मिळतें. हवामान, बाजारभाव, सातबाऱ्याचा उतारा हें सर्व घरबसल्या समजतें. ही सोय मोठी आहे. तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु उत्तर आयतें मिळूं लागल्यावर तें शोधण्याची आपली स्वतःची शक्ति वाढते कीं मंदावते, याचा विचार अवश्य केला पाहिजे. तो येथें एका शेताच्या मापावरून करूं.

गुंठे व आणे यांचा हिशेब तोंडीं करण्याची संवय आम्हांस वडिलांनीं लहानपणींच लावली होती. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी त्यांनीं घोकून घेतली होती. महसूल खात्यांतील कारकुनींत ती फार उपयोगी पडली. पुढें मोबाइल हातीं आला आणि संवय मागें पडली. तिचें फळ लौकरच मिळालें. आमच्या ओळखीचे दोघे बंधु वाटणीस बसले होते. एका तुकड्याच्या चारी बाजू त्यांनीं टेपानें मोजल्या. प्रत्येक १६५ फूट भरली. क्षेत्र किती, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं इंटरनेटवरील एका गणकांत चार आंकडे घातले व आलेलें उत्तर, २५ गुंठे, सांगून मोकळे झालों. त्या भरंवशावर तो तुकडा धाकट्यास गेला. पुढें रीतसर मोजणी झाली तेव्हां तो २४ गुंठेच भरला. त्या एका गुंठ्यावरून दोघां भावांचें बोलणें दोन पावसाळे बंद होतें. शेवटीं थोरल्यानें अर्धा गुंठा सोडला तेव्हां तंटा मिटला. दोष त्या दोघांचा नव्हता, आमचा होता.

यंत्राचा गुणाकार चुकला नव्हता. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेऊन गुणावयाचें, एवढीच त्या गणकाची रीत. काटकोनी तुकड्यास ती बरोबर लागू पडते. पण हा तुकडा एका अंगास कललेला होता. ढिल्या खाटेची चौकट कोपऱ्यास दाबून पाहावी. चारी लांकडें तेवढींच राहतात, परंतु चौकट कलते व आंतील जागा कमी होते. शेताचेंही तसेंच आहे. केवळ चार बाजूंवरून क्षेत्र ठरत नाहीं.

खरी रीत अशी. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात् एक गुंठा. या हिशेबानें १६५ फूट म्हणजे ५ साखळ्या. आतां समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारा कर्ण मोजावा. तुकडा काटकोनी असता तर कर्ण सुमारें २३३ फूट भरला असता. येथें आंखूड कर्ण १९८ फूट, म्हणजे ६ साखळ्या भरला. कर्णामुळें शेताचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाच्या उरलेल्या कोपऱ्यापासून कर्णावर लंब मोजावा; तो येथें ४ साखळ्या. सहा चोक चोवीस, त्याचें निम्में १२ गुंठे; दोन त्रिकोणांचे मिळून २४ गुंठे. हें गणित बांधावर उभें राहून तोंडीं होतें. कर्ण मोजावा हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. मोबाइलनें चारच आंकडे मागितले, म्हणून पांचवा आठवला नाहीं.

हा अनुभव केवळ आमचा नव्हे. बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ व डॅनियल वेग्नर या अमेरिकेंतील संशोधकांनीं २०११ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माहिती संगणकांत जतन राहणार असें ज्यांस वाटलें, त्यांस ती कमी आठवली; आणि माहितीपेक्षां ती कोठें ठेविली आहे हेंच लोकांस अधिक आठवलें. यांत सर्वच वाईट नाहीं. कारकुनासही प्रत्येक कागद पाठ नसतो. तो कोणत्या रुमालांत आहे हें ठाऊक असलें म्हणजे काम भागतें. परंतु कोणता कागद मागावयाचा, हें मात्र रुमाल सांगत नाहीं. तें ज्याचें त्यासच सुचावें लागतें, आणि सुचणें हें संवयीनें येतें.

म्हणून आमची सूचना एवढीच. प्रश्न पडतांच प्रथम स्वतः अंदाज करावा व तो कागदावर लिहावा. मग मोबाइलला विचारावें. दोन्ही उत्तरें जुळलीं नाहींत तर कारण सांपडेपर्यंत पुढें जाऊं नये. जुळलीं तरी, यंत्रानें कोणती गोष्ट विचारलीच नाहीं, हें एकदां मनाशीं पाहावें. घरांतील मुलांसही हीच रीत लावावी. पुढील अंक हातीं येईपर्यंत प्रत्येक वाचकानें आपल्या एका तरी तुकड्याचा कर्ण मुलांस बरोबर घेऊन मोजावा आणि क्षेत्र तोंडीं काढून उताऱ्याशीं ताडून पाहावें.