विशेष व्यक्तींच्या सेवांचे एकसूत्रीकरण : एक अभ्यास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन जेठातल्या एका दुपारी आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक वयोवृद्ध सभासद आले. हातात सुतळीने बांधलेली जाडजूड फाईल आणि बरोबर सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा. मुलाचे बोलणे थोडे, पण हसणे मोकळे. येताच त्याने आमच्या शिपायाशी मैत्री जमवली. गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर हिशेबी. ते म्हणाले, "मी मदत मागायला आलेलो नाही. माझ्यामागे याचे कोण पाहणार, एवढे कागदावर दाखवा."

आम्ही फाईल सोडली. जन्माचा दाखला होता, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र होते. निरामय विम्याचे कार्ड होते, परंतु नूतनीकरण न केल्याने ते तीन वर्षांपूर्वीच संपले होते. पेन्शनचे आदेशपत्र होते, त्यात मुलाचे नाव नव्हते. कायदेशीर पालकत्वाचा अर्ज होता, तोही अर्धाच भरलेला. पाच कागद, पाच खात्यांचे. एकाही खात्याने त्यांना नकार दिलेला नव्हता, हे विशेष. नकार मिळाला असता तर माणूस भांडला तरी असता! येथे भांडायला कोणी नव्हते. फक्त एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेणारा कोणी नव्हता. या उणिवेचा विचार करावा म्हणून हा लेख महोत्सवी स्मरणिकेत देत आहोत.

प्रथम शब्दांविषयी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता, डाऊन सिंड्रोम या अवस्था जन्मापासून किंवा वाढीच्या वयात येतात आणि आयुष्यभर सोबत राहतात. हे मनोविकार नव्हेत. आपल्या घरांतून अजूनही 'वेडसर' हा शब्द कानी पडतो. तो चुकीचा आहे आणि निर्दयही. अवस्था आयुष्यभराची असल्यामुळे तिच्यावर इलाज असा नसतो, आधार मात्र असतो. आणि वयाबरोबर आधाराचे स्वरूप बदलत जाते. दोन वर्षांच्या मुलाला व्यायामोपचार हवा, दहाव्या वर्षी शाळा, पंचविसाव्या वर्षी काम, आणि पन्नासाव्या वर्षी, आईवडील थकल्यावर, घर.

आपल्या देशात या कामाची सुरुवात पालकांनी केली. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. तीच आजची जय वकील संस्था. १९८४ साली सिकंदराबाद येथे राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि तिच्यामुळे विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बळ आले. पुढे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा असे दोन मोठे टप्पे झाले. म्हणजे कायदे आहेत, योजनाही आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते; ती आरोग्य खात्याकडे. शाळा शिक्षण खात्याकडे. प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळाकडे, निर्वाहभत्ता सामाजिक न्याय खात्याकडे, पालकत्व कलेक्टर कचेरीत. सहा ते अठरा या वयात विनामूल्य शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. पण अठरावे वर्ष उलटले की शाळा सुटते आणि मूल पुन्हा ओसरीवर येऊन बसते. हा खड्डा सर्वांत खोल, आणि आमच्या पाहण्यातली बहुतेक कुटुंबे नेमकी तेथेच अडकलेली आहेत.

आता हीच अडचण दुसऱ्या एका प्रांताने कशी सोडवली ते पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६० च्या सुमारास अशा मुलांच्या आईबापांपुढे दोनच वाटा असत: मूल घरी ठेवून सर्व भार एकट्याने वाहावा, नाहीतर सरकारी इस्पितळवजा आश्रमात कायमचे पाठवावे. त्या आश्रमांतून गर्दी, आणि बाहेर प्रतीक्षायादी. पालकांच्या संघटनांनी विधिमंडळ हलवले. फ्रँक लँटरमन नावाच्या आमदाराने विषय हाती घेतला; १९६५ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को येथे दोन प्रादेशिक केंद्रे प्रयोगादाखल सुरू झाली. १९६९ मध्ये लँटरमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा होऊन ही पद्धत राज्यभर न्यायची ठरली. आज तेथे अशी एकवीस केंद्रे असून त्यांच्याकडे चार लाखांहून अधिक माणसांची नोंद आहे.

या केंद्रांची रचना आमच्या सभासदांनी नीट लक्षात घ्यावी, कारण तिच्यात आपल्यासारख्या संस्थेला घेण्याजोगे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट अशी की ही केंद्रे सरकारी कचेऱ्या नाहीत. पैसा सरकारचा, पण कारभार धर्मादाय स्वरूपाच्या खाजगी संस्थेचा, आणि तिच्या कार्यकारी मंडळात निम्म्याहून कमी नाहीत इतके सभासद स्वतः दिव्यांग किंवा त्यांचे पालक असावेत असे कायद्यातच लिहिले आहे. दुसरी गोष्ट, केंद्र स्वतः शाळा चालवत नाही, की वसतिगृह चालवत नाही. ते माणसाची तपासणी करते, त्याच्याशी व घरच्यांशी बसून त्याचा आराखडा ठरवते, आणि आराखड्यात ठरलेली सेवा ज्याची त्याच्याकडून मिळवून देते. शाळेने द्यायची ती शाळेकडून, आरोग्यविम्यातून मिळायची ती विम्याकडून. कोठूनच मिळत नसेल तेव्हा केंद्र स्वतःच्या पैशाने विकत घेते. म्हणून त्याचा पैसा सर्वांत शेवटी खर्च होतो.

तिसरी गोष्ट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक कुटुंबामागे केंद्राचा एक ठरलेला माणूस असतो. त्यास सेवा समन्वयक म्हणतात. कुटुंबाने पहिल्यांदा दार ठोठावल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत प्राथमिक भेट व्हावी, तपासणीची गरज असेल तर ती साधारणपणे एकशेवीस दिवसांत पुरी व्हावी आणि आराखडा निदान तीन वर्षांतून एकदा तरी पुन्हा पाहावा, अशी मुदत कायद्याने घातली आहे. मूल तीन वर्षांचे असो की साठीचे, समन्वयकाचे पद रिकामे राहत नाही. १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या सेवा म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, तो त्या व्यक्तीचा हक्क आहे.

अर्थात तिकडे सर्व आलबेल आहे असे कोणी समजू नये. एका समन्वयकाकडे सरासरीने साठ-पासष्ट माणसे असावीत असे प्रमाण आहे, पण ते पुष्कळदा ओलांडले जाते. माणसे नोकरी सोडून जातात आणि कुटुंबाला आपली कहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. शिवाय ज्या घरांत इंग्रजी बोलली जात नाही, विशेषतः स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत, दरडोई खर्च कमी होतो असे वारंवार दिसून आले आहे. भाषा न कळणारा मनुष्य मागणी करू शकत नाही, हे त्याचे एक मोठे कारण. ही उणीव आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

कारण इंदुरात आपलीही स्थिती काहीशी तशीच आहे. आपण मराठी पद्धतीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. येथील कचेऱ्यांत पुष्कळदा नाव व आडनाव एवढेच चढते. मग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि समग्र आयडीवर तिसरे. त्या वृद्ध गृहस्थांचा पालकत्वाचा अर्ज अर्धा राहिला तो याच घोळामुळे, आणि यात दोष आमचा आपलाच होता. दुसरी गोष्ट बोलीची. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, याने मुलाचा गोंधळ उडतो, म्हणून मराठी सोडा, असा सल्ला काही पालकांना मिळतो. अलीकडच्या संशोधनात स्वमग्न किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना दोन भाषांमुळे अपाय होतो असे दिसलेले नाही. ज्या भाषेत आजी अंगाई म्हणते ती मुलापासून काढून घेण्याचे कारण नाही.

कॅलिफोर्नियासारखा पैसा आपल्याकडे नाही. मात्र जोडण्याचे एक साधन आपल्या कायद्यात आधीच आहे. १९९९ च्या कायद्यान्वये जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक स्तरीय समिती असते. तिच्यात कलेक्टरच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती असते. समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा बसावे असा दंडक आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता व बहुदिव्यांगता असलेल्या व्यक्तीसाठी ती पालक नेमते.

येथे बहुसंख्य आईवडिलांची एक चुकीची समजूत आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते, आणि आईवडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत किंवा मालमत्तेच्या व्यवहारात अडचण आल्यावरच हे कळते. तेव्हा अठरावे सरताच अर्ज करावा. आपल्यामागे कोणी पालक व्हावे हेही ठरवून ठेवावे. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. त्याने हेळसांड किंवा अफरातफर केली तर त्याला दूर करता येते. भाऊबंदकीची धास्ती असणाऱ्यांनी हे कलम जरूर ध्यानात ठेवावे. मात्र २०१६ च्या कायद्याचा रोख असा की पालकाने त्या व्यक्तीला विचारून, तिच्यासह निर्णय घ्यावेत. तिच्या वतीने परस्पर नव्हे.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी आणखी एक करावे. कमावण्यास असमर्थ अशा दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, आणि त्याचे नाव आपल्या हयातीतच आदेशपत्रात चढवून घेता येते. मागाहून सिद्ध करत बसणे फार जड जाते. निरामय विमा एक लाख रुपयांपर्यंतचा आहे, त्याला पूर्वतपासणी लागत नाही. तो दरवर्षी नवा करावा लागतो, एवढेच.

आमच्या सभासदाचे काय झाले? नावाचा घोळ सुटायला सात महिने लागले. विमा पुन्हा सुरू झाला, पेन्शनच्या कागदात नाव चढले. पालक कोण, हा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी पुतण्याचे नाव काढले होते. आम्ही मुलालाच विचारले. त्याने क्षणाचाही विचार न करता देवासच्या मामेबहिणीचे नाव घेतले. ती त्याला फोनवर रोज क्रिकेटचे आकडे सांगते म्हणे! वडील काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनी अर्जावरचे नाव खोडले. राहण्याच्या घराचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि तो सुटला असे आम्ही येथे लिहिणार नाही.

महोत्सवी निधीतून नवी इमारत बांधावी असे काही विश्वस्तांचे मत आहे. आमचे मत निराळे आहे, आणि ते आम्ही सभेतही मांडले आहे. इमारतीपेक्षा एक पगारी समन्वयक, एक नोंदवही आणि कचेऱ्यांत जाण्यायेण्याचे भाडे, एवढ्यावर हा निधी लागावा. नोंदवहीचे काम स्वयंसेवकांच्या भरवशावर सुरू झाले आहे; तिच्यात आजवर एकोणीस नावे आली, त्यांतली अकरा चाळिशीच्या पुढची. दर मंगळवारी सायंकाळी पाच ते सात कार्यालय यासाठी उघडे असते. ज्यांना नाव नोंदवायचे असेल त्यांनी जन्मदाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आधार, समग्र आयडी आणि असल्यास पेन्शनचा कागद बरोबर आणावा. यांतले काहीच नसेल तर तसेच यावे, आणि ज्याच्यासाठी येत आहात त्यालाही बरोबर आणावे.